केसभर जागा

दिवाळीत पोरे बाण उडवतात ते आपण सगळेच पाहतो. रिकाम्या बाटलीत काडी उभी करायची, वात पेटवायची आणि लांब पळायचे. बाटलीचे तोंड काडीला बेताचे असले तर बाण सरळ आभाळात जातो. तोंड रुंद असले की काडी कलते, बाण शेजाऱ्यांच्या माडीत शिरतो आणि भाऊबीजेपर्यंत पुरेल एवढे भांडण करून ठेवतो. यामागचे गणित पोरांना कोणी शिकवत नाही. उडणाऱ्या वस्तूला सुरुवातीची वाट बेताची हवी, फार सैलही नको आणि फार घट्टही नको, एवढे त्यांना दोन बाण वाया गेल्यावर आपोआप कळते.

बंदुकीची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. गोळी आणि नळी यांच्यामध्ये किती जागा असावी, या एका प्रश्नाने युरोपातल्या लोहारांचे, सरदारांचे आणि पुढे गणितज्ञांचे डोके काही शतके फिरवले. त्या प्रश्नाचे एक उत्तर फिरत फिरत आपल्या देशात आले आणि १८५७ साली त्याने जो भडका उडवला, तो आपल्या इतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पुस्तकात काडतूस आहे, चरबी आहे, मंगल पांडे आहे. पण त्या काडतुसाला मुळात चरबी लागत का होती, असे वर्गातल्या एखाद्या चौकस मुलाने विचारले तर बहुतेक मास्तर त्याला खाली बसवतात. त्या मुलासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

जुनी बंदूक म्हणजे एक साधी गुळगुळीत नळी. तोंडाकडून दारू ओतायची, त्यावर शिशाची गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानात रंजक घालायची आणि बत्ती द्यायची. तोड्याची बंदूक अशीच होती. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांच्या हातांत होती ती गारेची बंदूकही भरायची ती पुढूनच. इंग्रज शिपायाची प्रसिद्ध 'ब्राऊन बेस' याच जातीची. तिच्या नळीचे भोक सुमारे ०.७५ इंचाचे आणि गोळी साधारण ०.६९ इंचाची. म्हणजे गोळी आणि नळी यांच्यात जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक. विहिरीत सोडलेल्या खड्यासारखी गोळी खडखडत तळाला जाई.

एवढी सैल गोळी का ठेवली? कारण दारू जळाली की नळीत काजळी धरते. दहा-वीस बार झाले की आतून लेप चढतो. गोळी घट्ट असती तर अकराव्या बाराला ती अर्ध्यातच अडकली असती, आणि समोरून घोडदळ येत असताना गजाशी झटापट करायला वेळ कोणाला? म्हणून लष्कराने नेम सोडला आणि वेग धरला. शिकवलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. पण सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसला असेल त्याच्या उलट दिशेने जाई. शंभर पावलांपलीकडे ती कोणाला लागेल हे झाडणाऱ्यालाही सांगता येत नसे. म्हणून तर त्या काळी फौजा खांद्याला खांदा लावून उभ्या राहत आणि सगळे एकदम बार काढीत. एकाचा नेम चुकला तरी शंभरांच्या गोळ्यांतल्या काही तरी लागतीलच, असा तो हिशेब.

नेमाचा उपाय ठाऊक नव्हता असे नाही. नळीच्या आतल्या अंगाला पेचदार चरे पाडले तर गोळी गिरक्या घेत बाहेर पडते आणि फिरणाऱ्या भोवऱ्यासारखी आपला तोल राखते, हे पंधराव्या-सोळाव्या शतकापासून जर्मन प्रदेशातल्या कारागिरांना माहीत होते. अशा चऱ्यांच्या बंदुकीला आपण रायफल म्हणतो. पण चरे गोळीला फिरवणार कधी? गोळी त्यांना घट्ट चिकटली तर. आणि घट्ट गोळी पुढच्या तोंडाने, काजळीच्या लेपातून, तीन फूट खाली न्यायची कशी? इंग्रजांनी १८०० च्या सुमारास बेकरची रायफल फौजेच्या काही निवडक तुकड्यांना दिली, तेव्हा सुरुवातीला गोळी ठोकून बसवण्यासाठी तिच्याबरोबर लाकडी हातोडीही दिली होती. गोळीभोवती तेलकट कातड्याची चिंधी गुंडाळून ती आत रेटायची. चिंधी चऱ्यांत बसे, वंगणामुळे घसरे आणि काजळीही थोडी पुसून काढी. वाचकांनी हे वंगण लक्षात ठेवावे. ते इथेच गोष्टीत शिरले, आणि शिरले ते केवळ गोळी आणि नळी यांच्यातली जागा कमी केल्यामुळे.

रायफलवाला नेमका लागे, पण एक बार काढीपर्यंत मस्केटवाल्याचे दोन-तीन होऊन जात. भरताना सैल आणि सुटताना घट्ट, अशी गोळी मिळाली तर सगळा प्रश्न सुटणार होता. ऐकायला हे एखाद्या कोड्यासारखे वाटते. फ्रेंचांनी ते सोडवायला घेतले. देल्विन्य नावाच्या अधिकाऱ्याने १८२६ च्या सुमारास नळीच्या तळाशी एक कंगोरा ठेवला. सैल गोळी त्यावर टेकली की गजाने दोन-तीन ठोसे मारायचे, म्हणजे शिसे चपटून चऱ्यांत जाई. थूव्हनँ याने तळाला एक खुंटच बसवला. पण ठोसे मारून गोळीचा आकार बिघडे, आणि बिघडलेली गोळी सरळ जात नाही.

याच सुमारास नॉर्टन नावाच्या एका इंग्रज कॅप्टनला निराळी कल्पना सुचली, आणि ती त्याला आपल्या दक्षिण हिंदुस्थानात सुचली असे सांगतात. तिकडचे शिकारी फुंकनळीने बारीक बाण मारीत. बाणाच्या बुडाशी भेंडासारखा लवचिक गर लावलेला असे. फुंकर घातली की तो फुगून नळीला चिकटे आणि वारा बाजूने निसटत नसे. नॉर्टनने यावरून बुडाशी पोकळ अशी लांबट गोळी केली. त्याच्या सरकारने ती बाजूला ठेवली. पुढे १८४९ साली फ्रेंच कॅप्टन मिनिये याने तशीच पोकळ बुडाची, आत लोखंडी वाटी बसवलेली गोळी पुढे आणली. बार झाला की वाटी पुढे घुसे, शिशाचे बूड फुलत जाई आणि चऱ्यांत गच्च बसे. कोडे सुटले. इंग्रज सरकारने मिनियेला या शोधाबद्दल वीस हजार पौंड दिले. फुंकनळीवाल्याला कोणी काही दिल्याची नोंद नाही.

या गोळीसाठी १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल तयार झाली. तिच्या नळीचे भोक ०.५७७ इंच आणि गोळी ०.५६८ इंच. फरक फक्त नऊ सहस्रांश इंचाचा, म्हणजे मिलिमीटरच्या पावभागाहूनही कमी. माणसाचे तीन केस एकमेकांशेजारी ठेवले तर साधारण एवढी जागा भरते. आणि या जागेत गोळीभोवतीचा कागदही मावायचा होता. गोळीचे वजन ५३० ग्रेन, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे तीन तोळे. दारू साडेचार मासे. कागदाच्या नळकांडीत दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेली. शिपायाने कागदाचे टोक दाताने तोडायचे, दारू नळीत रिकामी करायची, काडतूस उलटे करून गोळीचा भाग कागदासकट तोंडात दाबायचा, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली न्यायची. कागदाला बाहेरून मेण आणि चरबी यांचे वंगण. ते नसते तर केसभर जागेतून गोळी खाली उतरली नसती आणि काजळीही मऊ राहिली नसती. वूलिचच्या कारखान्यात बसलेल्या माणसाने नऊ सहस्रांश इंचाचा हिशेब अचूक केला होता.

चुकले ते दुसऱ्या ठिकाणी. हे काडतूस दाताने तोडणारा शिपाई कोण आहे, याचा हिशेब त्याने केला नव्हता. चरबी कोणत्या जनावराची असावी हे ठेक्यात ठरवून दिलेले नव्हते. गाईची की डुकराची हा प्रश्न हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही धर्माचा होता, आणि वूलिचला तो तेलतुपाच्या पुरवठ्याचा वाटला. आश्चर्य याचे की इशारा मिळालेला होता. १८५३ साली अशी काडतुसे हवा मानवते की नाही हे पाहण्यासाठी हिंदुस्थानात आली, तेव्हा बंगाल लष्कराचे अ‍ॅडज्युटंट-जनरल कर्नल टकर यांनी लिहून कळवले होते की, वंगण शिपायांच्या जातिधर्माला बाधणारे नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. तो कागद दफ्तरात पडून राहिला. दफ्तराची ही सवय वाचकांच्या परिचयाची असेल.

१८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळ डमडम येथे शिपायांना नव्या रायफलीचे शिक्षण सुरू झाले आणि तिथल्या एका खलाशाच्या तोंडून चरबीची गोष्ट फुटली. सरकार जागे झाले. शिपायांनी स्वतःचे तेल आणि मेण वापरावे, अशी परवानगी जानेवारी संपण्याच्या आत निघाली. पुढे दातांऐवजी हाताने कागद फाडावा असा कवायतीत बदलही झाला. पण आता उशीर झाला होता. शिपायाला वाटले, काही लपवायचे नव्हते तर नियम बदलला कशाला? २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी हत्यार उचलले. ८ एप्रिलला त्यांना फाशी दिले. २४ एप्रिलला मीरतेच्या कवायतीवर नव्वद घोडेस्वारांपुढे काडतुसे ठेवण्यात आली. पंचाऐंशी जणांनी ती घेतली नाहीत. आणि ती काडतुसे तर नव्या एनफील्डची नव्हतीच, पूर्वीपासून वापरात असलेली जुनीच होती! ९ मे रोजी त्या पंचाऐंशी जणांना सगळ्या फौजेदेखत बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी मीरत पेटले.

नुसत्या चरबीने एवढा वणवा लागला असे कोणी म्हणणार नाही. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले होते, झाशी आणि नागपूर १८५४ साली, अयोध्या १८५६ साली. दारू कोठारात भरून ठेवलेलीच होती. काडतूस ही बत्ती झाली. आपल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी त्याच वेळी उत्तरेत प्रवास केला आणि पुढे 'माझा प्रवास' लिहिला. त्यांच्यासारख्या साध्या भिक्षुकाच्या कानावरही वाटेत काडतुसांची हकीकत आली होती. नऊ सहस्रांश इंचाची बातमी मोटारी आणि रेडिओ नसताना एवढ्या लांब पोहोचली.

यातला खरा करुण भाग पुढचा आहे. ज्या शिपायांनी एनफील्ड नाकारली, त्यांच्या हातांत जुनी सैल गोळीची मस्केट राहिली. १२ जुलै १८५७ रोजी फत्तेपूरला हॅवलॉकच्या गोऱ्या पलटणी नानासाहेबांच्या फौजेसमोर आल्या, तेव्हा त्यांच्याकडे एनफील्ड होती. मस्केटच्या टप्प्यात यायच्या आधीच समोरची माणसे पडू लागली. धर्म राखण्यासाठी जे शस्त्र दूर लोटले, तेच शस्त्र दुसऱ्याच्या हातांतून समोर उभे राहिले. त्या शिपायांना वेडे ठरवणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. ज्या सरकारवर भरवसा उरला नाही त्याच्या हातचे औषधसुद्धा माणूस विष म्हणून थुंकतो.

बंड मोडल्यावर सरकारने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही या केसभर जागेशी संबंधित आहेत. पहिली अशी की, हिंदुस्थानच्या उन्हात ०.५६८ इंचाची गोळी फार घट्ट होते, अडकते, हे लढाईत दिसून आले होते. म्हणून गोळी ०.५५ इंचाची केली आणि वंगण मेणाचे झाले. म्हणजे ज्या बदलाने शिपायांची शंका कदाचित आधीच फिटली असती, तो बदल गोळी अडकू लागल्यावर आणि एवढा रक्तपात होऊन गेल्यावर झाला. दुसरी गोष्ट अधिक बोलकी. देशी पलटणींसाठी एनफील्डसारखीच दिसणारी एक खास बंदूक काढण्यात आली, पण तिच्या नळीत चरे नव्हते. भोक रुंद करून सुमारे ०.६५ इंचाचे गुळगुळीत केले होते. बाहेरून रायफल, आतून जुनी मस्केट! शास्त्राने शंभर वर्षे खपून जी जागा कमी केली, ती अविश्वासाने पुन्हा रुंद केली.

इतक्यात शास्त्र पुढे निघून गेले. १८६६ साली स्नायडरच्या युक्तीने एनफील्डची नळी मागून उघडता येऊ लागली आणि कर्नल बॉक्सरच्या नमुन्याची धातूच्या बुडाची काडतुसे आली. आपल्या पुण्याजवळ खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला तो याच काळात. आता गोळी मागून भरायची असल्यामुळे ती सैल ठेवण्याचे कारणच संपले. गोळी नळीहून किंचित मोठीही चालू लागली. बार झाला की ती चऱ्यांत दाबली जाई. दात गेले, वंगणाचा कागद गेला, गज गेला.

मग प्रश्न संपला का? छे! तो नळीच्या पुढच्या तोंडाकडून मागच्या टोकाला आला. काडतूस बसते ती खोली आणि जिथे चरे सुरू होतात ती जागा, यांच्यामध्ये थोडी मोकळी वाट राहते. इंग्रजीत तिला नळीचा घसाच म्हणतात, आणि शब्द अगदी योग्य आहे. गोळी काडतुसाच्या तोंडात धरलेली असते. दारू पेटली की ती तिथून सुटते, घशातून उडी घेते आणि चऱ्यांत शिरते. या उडीत क्षणभर तिला मागचा आधार नसतो आणि पुढचाही नसतो. शेतातून येणारी बैलगाडी चाकोरीला लागते तेव्हा चाक सरळ पडले तर ठीक, तिरपे पडले तर गाडी पार गावापर्यंत हिसके देत जाते. गोळीचेही तसेच. घसा लांब असेल तर गोळी तिरकी शिरण्याचा संभव वाढतो आणि काही वायू तिच्या बाजूने पुढे निसटतो. घसा आखूड असून गोळी आधीच चऱ्यांना टेकलेली असेल, तर तिला हलायला जोर जास्त लागतो आणि खोलीतला दाब एकदम चढतो. उलट गोळी काडतुसात फार खोल दाबून बसवली तर दारूची जागा कमी होते आणि दाब तेव्हाही चढतो. म्हणून आपल्या हाताने काडतुसे भरणारे नेमबाज गोळी किती खोल बसवायची आणि घसा किती लांब आहे, ही दोन मापे जोडीने पाहतात. एकाचे माप दुसऱ्याच्या बंदुकीला लागू पडेलच असे नाही.

या घशाने मोठमोठ्या सरकारांनाही खर्चात पाडले आहे. अमेरिकेने १९०३ साली स्प्रिंगफील्ड रायफल काढली. तिची गोळी लांब, बोथट नाकाची, २२० ग्रेनची. तेवढ्यात फ्रेंच आणि त्यांच्यामागून जर्मन टोकदार, हलक्या गोळीकडे वळले. अमेरिकनांनीही १९०६ साली १५० ग्रेनची टोकदार गोळी घेतली. पण ही गोळी आखूड पडली. जुन्या घशातून तिला फार लांब उडी मारावी लागली असती. मग तयार झालेल्या रायफलींच्या नळ्या मागून सुमारे दोन दशांश इंच कापून खोली नव्याने कोरावी लागली. पाच मिलिमीटरची गोष्ट, पण तिच्यासाठी बंदुका कारखान्यात परत गेल्या.

घसा झिजतोही. इंग्रजांनी धूर न होणारी कॉर्डाइट नावाची दारू .३०३ रायफलीत घातली, तेव्हा तिच्या उष्णतेने मेटफर्डचे उथळ, गोलसर चरे लवकर खराब होऊ लागले. म्हणून १८९५ साली त्यांच्या जागी एनफील्डचे खोल, कडांचे पाच चरे आले. गवयाचा गळा जसा जपावा लागतो, तसाच हा घसा. एकदा बसला की वस्ताद नेमबाजालाही तो साथ देत नाही.

या सगळ्यात मला फार आवडलेला माणूस म्हणजे हॅरी पोप. १८६१ ते १९५० असे दीर्घ आयुष्य लाभलेला हा अमेरिकन कारागीर नळ्या बनवी. मागून भरायच्या रायफली सगळीकडे झाल्या असताना त्याने काय करावे? दारूचे काडतूस मागून, पण गोळी मात्र पुढच्या तोंडाकडून, चऱ्यांतून हळूच दाबत खाली न्यायची! म्हणजे ती आधीपासूनच सरळ बसलेली असणार आणि घशातली उडी उरणारच नाही. जग ज्या कष्टातून सुटले होते ते त्याने नेमासाठी आपणहून पत्करले. घाई नसलेल्या माणसाला ते परवडते. त्याच्या नळ्यांची कीर्ती नेमबाजांत अजून आहे. आणि त्याच देशात रॉय वेदरबी याने १९४० च्या दशकात नेमके उलट केले. घसा मुद्दाम लांब ठेवला, म्हणजे गोळी आधी मोकळी धावेल, दाब बेताबेताने चढेल आणि दारू जास्त घालता येईल. एकाला नेम हवा होता, दुसऱ्याला वेग. सैल की घट्ट हा ब्राऊन बेसच्या वेळचा वाद दीडशे वर्षांनी पुन्हा तसाच उभा राहिला.

शाळेत मी मुलांना सन आणि लढाया पाठ करायला लावतो, तो माझा धंदाच आहे. पण त्यांनी एवढेही ध्यानात ठेवावे असे वाटते की, इतिहासात पुष्कळदा मोठ्या गोष्टी अशा लहान मापांतून निघतात. इंच मोजणारा माणूस हुशार असतो, यात शंका नाही. पण ती वस्तू ज्याच्या हातात, आणि त्या वेळी तर तोंडातही, जाणार आहे त्याला एकदा विचारायला हवे होते. कर्नल टकर यांनी तेवढेच सुचवले होते, आणि त्यासाठी कारखान्यातले एकही यंत्र बदलावे लागणार नव्हते. चरबी कोणती घालू, एवढे विचारायचे होते.